विंगेतला लोकेश आणि न आलेली मरळ

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या लोकेश टेंभुर्णेला झाडीपट्टीतल्या एकाही प्रेक्षकाने कधी पाहिलं नसेल, पण त्याने सांगितलेल्या वाक्यांवर ढसाढसा रडलेली माणसं या भागात गावोगाव सापडतील. लोकेश प्रॉम्प्टर होता. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत नाटकांचा हंगाम सुरू झाला की कंपनीतले नट आज एक नाटक करतात, उद्या दुसरं. संवाद पाठ करायला सवड असते कोणाला? मग विंगेत एक माणूस संहिता घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या तोंडी यायच्या अर्धा श्वास आधी त्याच्या कानात घालतो. राजा गर्जना करतो, राणी हंबरडा फोडते, आणि त्या दोघांच्याही आधी सगळी गर्जना आणि सगळा हंबरडा हलक्या आवाजात उरकून बसलेला असतो तो विंगेतला माणूस. टाळ्या अर्थातच राजाला.

बरीच वर्षं हे केल्यावर सवय हाडात शिरते. लोकेशच्या तर मज्जेत शिरली होती. समोरचा माणूस बोलता बोलता क्षणभर थांबला की पुढचा शब्द लोकेशच्या ओठावर तयार. स्वतःच्या लग्नात भन्तेजी प्रतिज्ञा सांगत होते, रंजिता त्यांच्यामागून म्हणत होती, आणि मध्येच तिने आवंढा गिळला. झालं! शेजारी उभ्या नवरदेवाने तिची प्रतिज्ञा तिला हळूच सांगितली. मांडवात खसखस पिकली. रंजिता आजही तो विषय निघाला की म्हणते, "मले का येत नोहोतं? सर्दी झाली होती मले!"

त्याच्याकडे आणखी एक हत्यार होतं. कधी नट दोन पानं ओलांडून पुढे जायचा, कधी भलत्याच अंकातलं बोलायचा, आणि संहितेत जागा सापडेनाशी व्हायची. अशा वेळी रंगमंचावर शांतता पसरली तर नाटक मेलं. म्हणून लोकेश एक राखीव वाक्य सोडायचा, "अरे देवा! हे मी काय ऐकतो आहे!" हे वाक्य बापाला चालतं, खलनायकाला चालतं, हवालदारालाही चालतं. नट छातीवर हात ठेवून ते म्हणायचा, दोन पावलं मागे सरायचा, आणि तेवढ्यात लोकेश जागा शोधून काढायचा. कित्येक नाटकं त्या एका ओळीवर तरली आहेत.

मग हा माणूस विंग सोडून कॉम्प्युटरसमोर का येऊन बसला? त्याला कारण त्याची आई, सुशिलाबाई. एका हिवाळ्यात त्या अंगणात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. लोकेश तेव्हा गडचिरोलीकडच्या कुठल्याशा गावात, फोनला रेंज नाही अशा ठिकाणी, कोणा दुसऱ्याच्या आईच्या मरणाचे संवाद सांगत होता. रंजिताने एकटीने सासूला गाडीत घालून गोंदियाला नेलं. लोकेशला कळलं तेव्हा प्लास्टरसुद्धा घालून झालं होतं. तो घरी आला तर रंजिता भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अजी, आमचं सगळं निभावते. तुमच्यावाचूनच निभावते." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

पावसाळ्यातले रिकामे महिने तो गोंदियाच्या एका कॉम्प्युटर क्लासात घालवत असे. ते शिक्षण त्याने आता मनावर घेतलं आणि इंद्रकुमारच्या कार्यालयात शिकाऊ म्हणून लागला. इंद्रकुमार हा गोंदियाचा वेबसाइटवाला. बाजारातल्या एका कपड्याच्या दुकानाच्या वर त्याच्या दोन खोल्या. एकीत तो स्वतः, दुसरीत पानं सजवणारी मोनाली आणि हा नवा शिकाऊ, जो मोनालीपेक्षा वयाने चांगलाच मोठा होता.

"दिवाळी तक देखूँगा, लोकेश भाई," इंद्रकुमार म्हणाला होता. "काम जमला तर कुर्सी पक्की. नहीं जमा तो तुम अपने नाटक में, मैं अपने नाटक में."

तिकडे कंपनीचा मालकही दिवाळीपर्यंतच थांबणार होता. यायचं असेल तर या, नाहीतर दुसरा प्रॉम्प्टर बघतो, असं त्याने सांगून ठेवलं होतं. म्हणजे दिवाळीपूर्वी खुर्ची पक्की झाली नाही, तर लोकेशला पोटासाठी पुन्हा विंगेत जावं लागणार आणि अख्खा हिवाळा घर पुन्हा रंजितावर पडणार. घरात हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण रंजिता कॅलेंडरावरून फडका फिरवायची तो जरा जोरातच.

इंद्रकुमारने पहिल्या दिवशी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकावर लिहिलं कंट्रोलर, दुसऱ्यावर व्ह्यू. कोणी वेबसाइट उघडली की मागणी येते कंट्रोलरकडे. तो आत जाऊन माहिती काढतो, निवडतो आणि व्ह्यूच्या हातात देतो. व्ह्यू म्हणजे लोकांना दिसणारं पान. पान स्वतःच्या मनाने काही बोलत नाही. आतून जेवढं मिळालं तेवढंच ते दाखवतं.

लोकेशचे डोळे चमकले. "म्हणजे कंट्रोलर विंगेत आणि व्ह्यू स्टेजवर!"

"जो समझना है समझो," इंद्रकुमार म्हणाला, "लेकिन काम मेरे वाला करो."

समजणं सोपं होतं, हात बसणं अवघड. पहिल्या आठवड्यात लोकेशने कंट्रोलरमध्ये सगळी माहिती सुरेख गोळा केली आणि व्ह्यूच्या हातात द्यायलाच विसरला. पान कोरं. इंद्रकुमार म्हणाला, "माल गोदाम में, दुकान में झाडू!" मग लोकेशने उलट टोक गाठलं. एका ग्राहकाचं नाव दाखवायचं, तर त्याने त्या ग्राहकाचा पत्ता, जन्मतारीख, फोन, होतं नव्हतं ते सगळंच पानाच्या पदरात ओतलं.

"दादा," मोनाली हात जोडून म्हणाली, "मला फक्त नाव पाहिजे होतं. तुम्ही तर वरात पाठवली."

"राहू दे ना. कामी येते."

"कामी नाही येत, दादा. चुकून दिसून जाते, आणि मग लोक आपल्याला शिव्या देतात."

लोकेशने विचार केला. विंगेतून अख्खी संहिता स्टेजवर फेकायची नाही, नटाला लागेल तेवढंच वाक्य द्यायचं. हे तर तो जन्मभर करत आला होता! त्या दिवसापासून त्याचे कंट्रोलर इतके नेमके झाले की इंद्रकुमारही मधूनमधून हुंकार भरू लागला.

मग नवेगाव बांधचं काम आलं. तिथल्या तळ्यावरच्या मच्छीमारांच्या संस्थेला एक पान हवं होतं. रोज सकाळी जाळी ओढून झाली की कोणता मासा किती आला ते संस्थेचा माणूस मोबाइलवर भरणार, आणि गोंदियाच्या व्यापाऱ्यांना ते घरबसल्या दिसणार. संस्थेचे अध्यक्ष यादोराव वलथरे जाड मिशांचे आणि कमी बोलणारे. हे पान व्हावं म्हणून ते आपल्याच सभासदांशी भांडले होते. "तळा का मोबाइलमंधी ओतून राहिले का, अध्यक्ष?" असं त्यांना भर सभेत ऐकावं लागलं होतं.

इंद्रकुमारने काम पूर्णपणे लोकेशकडे दिलं. कंट्रोलरही त्याचा, व्ह्यूही त्याचा. "यही तुम्हारी परीक्षा है," तो म्हणाला. "और एक बात. आतून कभी कुछ नहीं आया, तर पान फुटायला नाही पाहिजे. हर जगह पे लिख के रखो की माल नाही आला तर क्या दिखाना."

लोकेश व्ह्यू लिहायला बसला. रोहूची जागा, कतलाची जागा, झिंग्यांची जागा, मरळीची जागा. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न उभा राहिला. कंट्रोलरकडून काही आलंच नाही, तर पानाने काय म्हणायचं? आता हा प्रश्न जगातल्या कोणत्याही प्रोग्रामरला विचारा, तो एक आडवी रेघ टाकेल नाहीतर शून्य लिहील. पण हा बसला होता झाडीपट्टीचा प्रॉम्प्टर. नट गप्प उभा आहे, विंगेतून शब्द आलेला नाही, पुढे माणसांचा समुद्र. त्याच्या बोटांनी डोक्याला न विचारता जे लिहायचं ते लिहिलं. नंतर बदलू, असं तो स्वतःशी म्हणालाही. पण तपासताना त्याने रोज सगळे मासे भरपूर भरले. कंट्रोलर चोख, व्ह्यू चोख, ती ओळ कधी दिसायची वेळच आली नाही. जे दिसत नाही ते माणूस विसरतो. तळ्याला मात्र कोणी तालीम दिलेली नव्हती.

उद्घाटनाची सकाळ उजाडली. काठावरच्या संस्थेच्या शेडमध्ये भिंतीला टीव्ही टांगला होता, त्याला लोकेशचा लॅपटॉप जोडला होता. समोर सभासद, बाजूला टोपल्या घेऊन मासोळीवाल्या बाया, पहिल्या रांगेत गोंदियाहून आलेले दोन व्यापारी. इंद्रकुमारने इस्त्रीचा शर्ट घातला होता. यादोरावांच्या मिशांना तेल लावलेलं होतं. लोकेश आपल्या जुन्या सवयीने टीव्हीच्या मागे, खांबाच्या आडोशाला उभा.

यादोरावांनी कळ दाबली. पान उघडलं.

रोहू आला, वजनासकट. कतला आला. झिंगे आले. शेडमधून "वा गा, वा!" असा आवाज निघाला. आणि त्याखाली, मरळीच्या समोर, चांगल्या ठळक अक्षरांत उमटलं:

अरे देवा! हे मी काय ऐकतो आहे!

क्षणभर कोणाला काही कळेना. मग पुढे बसलेल्या धुरपताबाईंनी, ज्यांचा आवाज तळ्याच्या पल्याड जातो म्हणतात, ते मोठ्याने वाचलं. अगदी वरच्या पट्टीत आणि छातीवर हात ठेवून. अख्खी शेड हसायला लागली.

"काय वो धुरपता, मरळीले का झाला?"

"तिले कोनी सांगतला का तिचा भाव उतरला म्हनून!"

"मी म्हनलो होतो ना अध्यक्षाले? घ्या, आता मासोळ्या बोलून राहिल्या!"

त्या सकाळी जाळ्यात मरळ आलीच नव्हती. संस्थेच्या माणसाने ती भरली नाही. कंट्रोलरने आत पाहिलं, मरळ दिसली नाही, त्याने काही दिलं नाही. आणि पानाने, हाती काही नसताना, पाठ असलेलं म्हणून टाकलं.

पहिल्या रांगेतला एक व्यापारी मात्र हसला नाही. "ये क्या मज़ाक है? हम इस पर धंधा करेंगे?" यादोरावांची मान खाली गेली. ज्यांच्याशी भांडून त्यांनी हे आणलं होतं, तेच आता सर्वांत मोठ्याने हसत होते.

इंद्रकुमार उठला. चेहऱ्यावर हसू आणत म्हणाला, "कुछ नहीं सेठ, वो सर्वर का प्रॉब्लेम है. यहाँ नेटवर्क ज़रा कमजोर..."

खांबाआडून लोकेशने ते ऐकलं. गप्प राहिलं तर सगळं सर्वरवर जाणार होतं. सर्वर काही बोलत नाही, त्याला बायको नाही, आई नाही, दिवाळी नाही. खुर्ची वाचण्याचा तो एकच रस्ता होता, आणि रस्ता काढणारा खुद्द मालक होता. पण यादोरावांची ती खाली गेलेली मान लोकेशला सरळ समोर दिसत होती. लोक आता म्हणणार, अध्यक्षाने खोटं यंत्र आणलं, तळ्यावर चालतच नाही. आणि ते तर खरं नव्हतं.

ज्या माणसाने इतक्या हंगामांत प्रेक्षकांसमोर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं, तो खांबाआडून बाहेर आला.  आवाज तर मुळातच बसका, वर्षानुवर्षं कुजबुजून झालेला.

"सर्वरचं काही नाही," तो म्हणाला. "नेटवर्क बी बरोबर हाय. चूक माझी हाय."

 इंद्रकुमारने डोळे मिटून घेतले.

"मी नाटकात प्रॉम्प्टर होतो. आतून शब्द नाही आला त नटासाठी आम्ही ही ओळ ठेवत होतो. हिथं बी तसाच हाय. आत एक जन पाहाते आनि बाहेरच्याले सांगते. आज मरळ आली नाही, म्हनून आतल्यानं काही सांगतलं नाही. तेव्हा बाहेरच्यानं का म्हनावं ते लिहाचं काम माझं होतं. मी त्याच्या तोंडी नाटक देल्लो. यंत्रात खोट नाही, अध्यक्षायची त नाहीच नाही."

 मग धुरपताबाईंनी टोपली गुडघ्यावरून खाली ठेवली.

"नाटकवाल्याले मासोळ्या मोजाले बसवला त असाच होईल ना, बाप्पा! आता पुसून टाक ते."

"पुसतो, बाई. पन त्या जागी का लिहू?"

"आता हे बी मीच सांगू? मरळ नाही त म्हनाचं, आज मरळ नाही. आम्ही गिऱ्हाइकाले का म्हनतो? उगाच कायले रडाचं?"

"शून्य लिहू का?" लोकेशने विचारलं.

"शून्य नोको," यादोराव पहिल्यांदाच बोलले. त्यांची मान आता वर आली होती. "शून्य पाहून गोंदियावाले समजतीन का आम्ही भराचं विसरलो. धुरपता म्हनते तसाच लिहा."

लोकेशने तिथेच मांडी घातली. सगळी शेड त्याच्या भोवती गोळा झाली. इतक्या लोकांनी खांद्यावरून वाकून पाहावं याची त्याला सवय नव्हती. त्याने व्ह्यूमधली ती ओळ काढली आणि नवी घातली. मग कंट्रोलरमध्येही बदल केला. जो मासा आला नाही, त्याच्याबद्दलही आतून आता स्पष्ट निरोप जाणार होता. पान पुन्हा उघडलं. आज मरळ नाही. व्यापाऱ्याने चष्मा पुसला, वाचलं, मान हलवली आणि रोहूची चौकशी केली. कोणीतरी चहा आणला.

"पन आधीचा चांगला होता बाप्पा," मागून एक म्हातारा म्हणाला. "कोनी पुसाले नोको होता."

परतीच्या वाटेवर इंद्रकुमार गाडी चालवत होता. बाजूला बसलेला लोकेश मनातल्या मनात कंपनीच्या मालकाला फोन करत होता. येतो म्हणून कळवायचं, मग रंजिताला सांगायचं. आधी रंजिताला की आधी मालकाला, एवढंच ठरत नव्हतं. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडून उभं होतं. कोहमाऱ्याचा फाटा मागे पडला.

"मैंने सर्वर पे डाल दिया था," इंद्रकुमार एकदम म्हणाला. "तुमको बचा रहा था. और अपने को भी."

"हो."

"फिर काहे को बीच में आए?"

लोकेशने खरं ते सांगितलं. "अध्यक्षायची मान खाली गेली होती, जी."

इंद्रकुमारने समोरून येणाऱ्या ट्रकला बाजू दिली. "आजपर्यंत किती पोरं ठेवली मी," तो म्हणाला. "सबका एकही जवाब. सर्वर. नेटवर्क. व्हायरस. मैंने ही सिखाया था उनको. निकलते वक्त यादोराव मेरे को बोला, आगे का काम भी तुम्हीच करा, पण तो खरं बोलणारा माणूस पाठवा."

लोकेशने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"कुर्सी पक्की," इंद्रकुमार म्हणाला. "लेकिन सुनो! व्ह्यू को हाथ नहीं लगाना. व्ह्यू मोनाली देखेगी. तुम कंट्रोलर. अंदर बैठो, जो चाहिए वो दो, और नाटक बंद."

लोकेश हसला.

गोरेगावात उतरून तो घरी आला तेव्हा रंजिता अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. त्याने सांगितलं. ती पाखडत राहिली.

"म्हनजे यंदा जात नाही?"

"नाही."

"पुढल्या साली?"

"नाही वो. पक्की झाली."

रंजिता उठली, आत गेली आणि सासूला मोठ्याने सांगून आली. मग बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बरं. मंग धान कापाले तुम्ही बी चला."

टेंभुर्ण्यांचा गावाबाहेर धानाचा एका बांधीचा, म्हणजे बांध घातलेल्या एका खाचराचा, तुकडा आहे. कापणीच्या दिवसांत लोकेश वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या गावच्या विंगेत असायचा, त्यामुळे त्याने इळा हातात धरला त्याला जमाना लोटला होता. दिवाळीनंतरच्या रविवारी तो बायांच्या ओळीत कापायला उभा राहिला. प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे कापत पुढे न्यायचा पट्टा. थोड्याच वेळात सगळ्या बाया बांधाला टेकल्या आणि लोकेश अजून मध्येच, वाकडा, घामाघूम, मागे उभी धसकटं वितभर उंच.

"रंजिता वो, तुया नवऱ्याची पात पाह्य, सापावानी चालली!"

"कापून राहिला का भांग पाडून राहिला तो?"

बांधावर हशा उसळला. लोकेशने कंबर सरळ केली, तळहातावर आलेला फोड पाहिला आणि पुन्हा वाकला. रंजिता हसत नव्हती असं नाही. पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने तीही हसून घेत होती. मग तिने इळा उचलला, बांधावरून खाली उतरली आणि त्याच्या उरलेल्या पातीच्या दुसऱ्या टोकाकडून त्याच्या दिशेने कापत यायला लागली.